चेल्याबिन्स्क: लखलखाट आधी, तडाखा नंतर

१५ फेब्रुवारी २०१३, शुक्रवार. रशियात उरल पर्वताच्या पूर्वेला चेल्याबिन्स्क हे अकरा लाखांहून जास्त वस्तीचं कारखान्यांचं शहर आहे. सकाळचे नऊ वाजून वीस मिनिटं झाली होती, सूर्य नुकता क्षितिजावर येत होता आणि थंडी उणे पंधरा अंशांच्या आसपास होती. दक्षिणेकडच्या आकाशातून एक ठिणगी सरकत आली, काही सेकंदांत सूर्याहून जास्त तेजस्वी झाली, सगळ्या इमारतींच्या सावल्या रस्त्यावरून गरकन फिरल्या आणि सगळं विझलं. मागे धुराचा जाडजूड दुहेरी पट्टा उरला. आवाज कसलाच नाही.

मग दोन मिनिटांहून थोडा जास्त वेळ काहीच घडलं नाही. लोक खिडक्यांशी आले. काहींनी फोन काढून त्या पट्ट्याचे फोटो घ्यायला सुरुवात केली. आणि मग काचा फुटल्या.

त्या दिवशी सुमारे १५०० लोकांना दवाखान्यात जावं लागलं. मृत्यू एकही नाही. बहुतेकांच्या जखमा उडालेल्या काचांच्या होत्या. सात हजारांवर इमारतींचं नुकसान झालं आणि शहरातल्या जस्ताच्या कारखान्याच्या एका भागाचं छप्पर भिंतीसकट कोसळलं. आकाशातून आलेला दगड यातल्या कुणालाही लागलेला नव्हता. ज्याला ‘उल्केचा अपघात’ म्हटलं जातं, तो खरं तर एकाच जागेहून निघालेल्या दोन तरंगांमधल्या, म्हणजे उजेड आणि हवेतला तडाखा यांच्यातल्या, वेळेच्या अंतराचा अपघात होता, असं माझं मत आहे. हे प्रकरण मला महत्त्वाचं वाटतं ते त्यासाठीच.

उजेड कुठून आला

आलेला दगड साधारण २० मीटर रुंद आणि बारा-तेरा हजार टन वजनाचा लघुग्रह होता. वातावरणात शिरताना त्याचा वेग सेकंदाला सुमारे १९ किलोमीटर होता आणि तो जमिनीशी जेमतेम १८ अंशांचा कोन करून, म्हणजे बराच आडवा, येत होता.

उल्का ‘हवेशी घासून’ पेटते असं शाळेपासून ऐकलेलं असतं. घर्षणाचा वाटा असतो, पण तो किरकोळ. मुख्य गोष्ट ही की दगड ध्वनीच्या साठेक पट वेगाने येत असल्यामुळे समोरच्या हवेला बाजूला व्हायला सवडच मिळत नाही. पुढे काहीतरी येतंय ही खबर हवेत ध्वनीच्या वेगाने पोचते आणि दगड तिच्या कितीतरी आधी दाखल होतो. त्यामुळे हवा त्याच्या तोंडासमोर चेपली जाते, तिचा दाब, घनता आणि तापमान एका अतिशय पातळ थरात एकदम उडी घेतं. हा थर म्हणजेच आघात तरंग. चेपलेली हवा हजारो अंशांपर्यंत तापते, तिच्या उष्णतेने दगडाचा पृष्ठभाग वितळतो, त्याची वाफ होते आणि ही हवा आणि वाफ मिळून प्रकाश फेकतात.

म्हणजे लोकांनी पाहिलेला उजेड आघातातूनच जन्मलेला होता. दोघांची जागा एक, वेळ एक, कारण एक. इथून पुढे मात्र त्यांच्या वाटा साफ वेगळ्या झाल्या.

सुमारे ३० किलोमीटर उंचीवर दगडावर येणारा दाब जमिनीवरच्या हवेच्या दाबाच्या पन्नासाहून जास्त पट झाला होता. दगड भेगाळलेला होता, त्याला तो सोसवला नाही. तुकडे झाले, तुकड्यांचा एकूण पृष्ठभाग वाढला, वाफ आणखी वेगाने झाली आणि गतिज ऊर्जा थोड्याशा पट्ट्यात ओतली गेली. एकूण ऊर्जा टीएनटी या स्फोटकाच्या चार-पाचशे किलोटनांएवढी होती आणि तिचा अंदाजे पाचवा हिस्सा प्रकाशाच्या रूपात निघून गेला.

उजेडाने काय सांगितलं

प्रकाशाला तिथून शहरात यायला सेकंदाचा पाच हजारावा भागही लागला नाही. व्यवहारात म्हणजे शून्य वेळ. त्याचा वेग तो किती प्रखर आहे यावर अवलंबून नसतो. मेणबत्तीचा उजेड आणि या स्फोटाचा उजेड हवेतून सारख्याच वेगाने धावतात. दोन झोत एकमेकांतून आरपार जातात आणि पलीकडे जणू भेटच झाली नाही असे निघतात. ज्या हवेतून प्रकाश जातो ती हवा जवळपास होती तशीच राहते.

या सरळपणाचा संशोधकांना मोठा उपयोग झाला. रशियात गाड्यांच्या काचेमागे कॅमेरा लावण्याची पद्धत सर्रास आहे, त्यामुळे चित्रणं भरपूर मिळाली. पण गाडीतल्या कॅमेऱ्यात खुद्द अग्निगोल येतोच असं नाही, आला तरी चित्र पांढरंफटक होतं. कामी आल्या त्या सावल्या. चेल्याबिन्स्कच्या क्रांती चौकात एका स्थिर कॅमेऱ्याने दिव्याच्या खांबांच्या फिरणाऱ्या सावल्या टिपल्या होत्या. खांबाची उंची माहीत, सावलीची लांबी आणि दिशा चित्रात दिसते, त्यावरून प्रत्येक क्षणी उजेडाचा उगम आकाशात किती उंच आणि कुठल्या दिशेला होता हे निघतं. अशाच दुसऱ्या एखाद्या जागेची जोड दिली की दगडाची आकाशातली वाट काढता येते. ती मागे वाढवत नेली की दगडाची सूर्याभोवतीची कक्षा हाती लागते आणि ती लघुग्रहांच्या पट्ट्यापर्यंत जाते. त्याच दिवशी काही तासांनी २०१२ डीए१४ हा दुसरा लघुग्रह पृथ्वीपासून २७,७०० किलोमीटरवरून गेला. दोघांचा संबंध नव्हता हेही कक्षांच्या फरकावरूनच ठरलं.

सावल्या इतक्या रेखीव पडल्या याचं कारण प्रकाशाची तरंगलांबी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी असते. खांबाच्या कडेला वळसा घालून आत शिरणं तिला जमत नाही. हा मुद्दा लक्षात ठेवावा, कारण आघात तरंगाने याच्या नेमकं उलट केलं.

प्रकाश नुसता दिसला असं नाही, लागलाही. नंतर केलेल्या पाहणीत, घटनेच्या वेळी उघड्यावर असलेल्या १११३ जणांपैकी २५ जणांनी त्वचा उन्हाने भाजल्यासारखी झाल्याचं सांगितलं आणि ऊब जाणवल्याचं सांगणारे तर शेकड्यांनी होते. फेब्रुवारीत, उणे पंधरा अंशांत, काही सेकंदांच्या उजेडाने. अतिनील किरणांचं हे काम.

तडाखा वाटेत असताना

आता दुसरा प्रवासी.

साध्या ध्वनीतरंगात दाबाचा चढउतार इतका लहान असतो की तरंगाचा प्रत्येक भाग सारख्याच वेगाने जातो. आघातात तसं नसतं. जिथे दाब जास्त तिथली हवा गरम, आणि वर ती स्वतःही पुढे सरकत असते. त्यामुळे तरंगाचा मागचा, जास्त दाबाचा भाग पुढच्याला गाठतो आणि सगळे एकाच कड्यावर येऊन थांबतात. हा कडा समुद्रसपाटीच्या हवेत, तरंग जोरदार असेल तर, मिलिमीटरच्या काही दशसहस्रांश जाडीचा असतो, म्हणजे दृश्य प्रकाशाच्या तरंगलांबीच्याच घरातला. दोन तरंगांमध्ये एवढा एक सारखेपणा सापडतो, तोही योगायोगाचा.

बाकी सगळं वेगळं. आघाताचा वेग त्याच्या जोरावर ठरतो. जोरदार असताना तो ध्वनीच्या कितीतरी पुढे असतो, पण वाटेतली सगळी हवा तापवण्यात त्याची ऊर्जा खर्ची पडते, ती परत मिळत नाही, आणि पसरण्यातही जोर विरतो. दोन आघात भेटले तर नुसती बेरीज होत नाही. ते एकमेकांची दिशा आणि ताकद बदलतात, कधी मिळून तिसराच जास्त जोराचा तरंग उभा करतात.

शहरात पोचेपर्यंत या तरंगाची काय अवस्था होती? त्याने हवेच्या दाबात केलेली वाढ साधारण तीन किलोपास्कल असावी असे अंदाज आहेत, म्हणजे नेहमीच्या दाबाच्या तीन टक्के. एवढ्याशा आघाताचा वेग ध्वनीपेक्षा जेमतेम एक टक्का जास्त भरतो. वर दगडाच्या नाकावर सेकंदाला १९ किलोमीटर धावणारा तरंग खाली येताना सेकंदाला एक तृतीयांश किलोमीटरही कापत नव्हता. त्यामुळे मार्गाच्या थेट खालच्या येमान्झेलिन्स्क आणि कोर्किनो या गावांना तो दीड मिनिटात भेटला आणि उत्तरेला जरा दूर असलेल्या चेल्याबिन्स्कला सव्वादोन ते अडीच मिनिटांत.

उजेड आणि तडाखा यांच्यातलं हे वेळेचं अंतर मोजणंही सोपं होतं. कॅमेऱ्यांची घड्याळं मागेपुढे असतात, त्यांच्यावर विसंबता येत नाही. पण एकाच चित्रणात लखलखाटही असेल आणि काच फुटण्याचा आवाजही, तर त्या दोघांमधला काळ घड्याळ कितीही चुकीचं असलं तरी बरोबरच येतो.

यात एक गंमत दडलेली आहे. प्रकाशाने घटना घडल्या त्याच क्रमाने दाखवल्या: आधी बारीक रेघ, मग फुगत गेलेला उजेड, मग विझणं. आघाताने तसं केलं नाही. दगड ध्वनीच्या साठपट वेगात असल्याने त्याचा सगळा मार्ग काही सेकंदांत आखला गेला, म्हणजे आघाताच्या हिशेबात एका क्षणातच. मग ऐकणाऱ्याला आधी पोचला तो मार्गाच्या सर्वांत जवळच्या भागाचा तडाखा. त्याच्या आधी घडलेलं, पण जास्त उंचावर आणि लांब घडलेलं, नंतर पोचलं. काहींच्या चित्रणात एका मोठ्या धडाक्यामागून तोफांच्या सरबत्तीसारखे आवाज येत राहतात. ते ‘नंतरचे स्फोट’ नव्हेत. लांबच्या तुकड्यांचे आवाज उशिरा पोचले, इतकंच.

दिशेचंही तसंच. स्वनातीत, म्हणजे ध्वनीहून वेगवान, विमानाच्या चित्रात मागे पसरलेला रुंद शंकू काढलेला असतो. ध्वनीच्या दुप्पट वेगाला त्या शंकूचा अर्धा कोन ३० अंश असतो, तेव्हा चित्र ठीक. साठपट वेगाला तो एका अंशाच्या आसपास येतो. शंकू कसला, जवळपास नळकांडंच. अशा नळकांड्याच्या बाजूने निघालेला तरंग दगडाच्या दिशेने पुढे जात नाही, मार्गाच्या आडवा पसरतो. खिडक्या फुटलेल्या गावांच्या खुणा नकाशावर केल्यावर तो पट्टा दगडाच्या वाटेच्या बाजूने लांबलेला न दिसता, तिला काटकोनात उत्तर-दक्षिण पसरलेला दिसला. ‘दगड जिकडे गेला तिकडे नुकसान जास्त’ हा सहज मनात येणारा हिशेब म्हणूनच चुकतो.

खिडकी

एक चौरस मीटरची काच घेऊ. तीन किलोपास्कल म्हणजे त्या काचेवर तीन हजार न्यूटन, साधारण तीनशे किलोचं ओझं. तेही हळूहळू चढवलेलं नाही, एकदम. तरंग भिंतीवर समोरून आदळला तर परतणारा आणि येणारा दाब मिळून जवळपास दुप्पट होतो, म्हणजे आकाशातल्या पट्ट्याकडे तोंड असलेल्या खिडक्यांना सहाशे. तुलनेसाठी: कॉन्कॉर्ड विमानाचा स्वनातीत धमाका जमिनीवर साधारण १०० पास्कलचा असे, आणि तेवढ्यावरही लोकांच्या तक्रारी येत. चेल्याबिन्स्कचा त्याच्या तीसपट.

सगळ्याच काचा फुटल्या असं मात्र नाही. शेजारशेजारच्या दोन खिडक्यांत एक शाबूत आणि एक चक्काचूर, असंही दिसलं. काचेची ताकद तिच्या जाडीइतकीच तिच्यावरच्या बारीक ओरखड्यांवर, चौकटीच्या घट्टपणावर आणि आकारावर ठरते. मोठी, पातळ आणि जुनी काच आधी जाते. इमारतीच्या मागच्या बाजूच्या खिडक्याही सुटल्या नाहीत. दाबाचा हा धक्का खांबाच्या, भिंतीच्या आकाराच्या मानाने लांब होता, त्यामुळे तो कोपऱ्यावरून सहज वळला. उजेडाची सावली पडते तशी आघाताची पडली नाही. इमारतीच्या आडोशाला उभं राहून डोळे वाचले असते, काच वाचली नसती.

मग प्रश्न उरतो की तरंग येताना कुणाला दिसला का नाही. धूळ नाही, धूर नाही, समोर फक्त थंड स्वच्छ हवा. हवेचा अपवर्तनांक, म्हणजे ती प्रकाशाला किती वळवते याचं माप, १.०००२९ असतो. तीन टक्के दाब वाढला की घनता दोनेक टक्के वाढते आणि अपवर्तनांकात फरक पडतो तो दशांशाच्या सहाव्या घरात. तापलेल्या रस्त्यावर हवा लहरताना दिसते तिथला फरकही याहून मोठा असतो. त्यातून हा फरक डोळ्यापुढून सेकंदाला सव्वातीनशे मीटरने निघून जातो. प्रकाश या तरंगातून बिनबोभाट आरपार येत होता, म्हणून तरंगाची वर्दी देणं त्याला शक्य नव्हतं.

हा फरक पकडता येत नाही असं नाही. ऑगस्ट ट्योप्लरने १८६० च्या दशकात हवेच्या घनतेतला बारीक बदल दाखवणारी प्रकाशाची मांडणी केली आणि तिच्याच आधारे एर्न्स्ट माख आणि पेटर साल्चर यांनी बंदुकीच्या गोळीपुढच्या आघात तरंगाची छायाचित्रं घेऊन १८८७ मध्ये प्रसिद्ध केली. पण त्यासाठी अंधारी खोली, भिंगं, क्षणभराची ठिणगी आणि एक धारदार कडा लागते. खिडकीशी उभ्या माणसाकडे यातलं काही नसतं.

माणसाकडे जे होतं ते म्हणजे सवय. पाहिलेली गोष्ट विझली की ती संपली, असं आपण धरून चालतो. विजेच्या बाबतीत आपण तसं करत नाही, कारण गडगडाट लगेच येतो आणि लहानपणापासून ती जोडी ठाऊक असते. इथे दोन मिनिटं गेली. एवढ्या वेळात कुतूहल भीतीवर मात करतं.

अपवाद म्हणून एक वर्ग सांगितला जातो. चौथीच्या एका शिक्षिकेने, हे नेमकं काय आहे याची कल्पना नसतानाही, लखलखाट पाहून ४४ मुलांना बाकांखाली जायला लावलं. ती स्वतः उभीच राहिली आणि काचेने तिला गंभीर जखमा झाल्या. मुलांपैकी कुणालाही ओरखडा आला नाही. तिला भौतिकशास्त्राचा हिशेब करायचा नव्हता. एवढ्या उजेडामागून काहीतरी येणार, एवढंच तिने मानलं आणि तेवढं पुरलं.

हॅलिफॅक्सशी तुलना करताना

या प्रकरणाबरोबर कॅनडातल्या हॅलिफॅक्स बंदराचा स्फोट नेहमी आठवला जातो. ६ डिसेंबर १९१७ रोजी दारूगोळ्याने भरलेलं मों-ब्लां हे जहाज टक्कर होऊन पेटलं, सुमारे वीस मिनिटं जळत राहिलं, लोक खिडक्यांतून पाहत होते आणि मग ते उडालं. डोळ्यांना इजा झालेले हजारो, आणि एकूण मृत्यू सतराशेच्या वर. काचेमागून पाहण्याची किंमत दोन्हीकडे सारखीच. पण तुलना इथवरच ठेवावी. हॅलिफॅक्समध्ये लोक आग पाहत होते, स्फोटाचा उजेड नव्हे. स्फोटाचा उजेड आणि तडाखा यांच्यात जवळच्या घरांना एकदोन सेकंदही मिळाले नाहीत, आणि तेवढ्यात कुणी काही करू शकत नव्हतं. चेल्याबिन्स्कमध्ये स्फोटाने स्वतः आधी खूण दिली आणि दोन मिनिटं थांबला. ही सवलत फार कमी स्फोट देतात.

पुढे काय झालं

काचा फोडल्यावरही तरंग थांबला नाही. त्यातले चढे कंप हवेने शोषले, उरले ते कानाला न ऐकू येणारे मंद कंप, अवश्राव्य ध्वनी. अणुचाचण्यांवर पाळत ठेवण्यासाठी जगभर उभारलेल्या केंद्रांपैकी अनेकांनी ते टिपले आणि काहींना तर तोच तरंग पृथ्वीला वेढा घालून आल्यावर पुन्हा मिळाला. दगडाचा सर्वांत मोठा सापडलेला तुकडा चेबार्कुल तलावात बर्फ फोडून बुडाला होता. ऑक्टोबरमध्ये तो बाहेर काढला तेव्हा त्याचं वजन सहाशे किलोंच्या वर भरलं. बारा-तेरा हजार टनांतलं एवढंच एका जागी हाती आलं.

अशा वेळी काय करावं, याचं उत्तर आकड्यांतच आहे. विजेसाठी सेकंद मोजून, तीनने भागून किलोमीटर काढण्याची युक्ती इथे आधीच्या अंदाजाला चालत नाही, कारण ती अंतर सांगते ते तडाखा येऊन गेल्यावर. आकाशातल्या पट्ट्याकडे पाहून तो तीस किलोमीटरवर आहे की नव्वद, हे नुसत्या डोळ्यांना ठरवता येत नाही. म्हणून सर्वांत लांबचं अंतर धरायचं. चेल्याबिन्स्कच्या वेळी मार्गापासून सुमारे ९० किलोमीटरवरच्या वस्त्यांतही काचा गेल्या होत्या. ध्वनीच्या वेगाने तेवढं अंतर म्हणजे पाच मिनिटं. दिवसाला लाजवणारा उजेड आकाशात दिसला, तर पाच मिनिटं काचेपासून लांब, शक्यतो आतल्या भिंतीला पाठ लावून. पहिला धडाका झाला तरी जागा सोडू नये. तो सर्वांत जवळच्या भागाचा असतो, लांबचे अजून वाटेत असतात, आणि पहिल्याने तडकवलेल्या काचा पाडायला दुसऱ्याला फारसा जोर लागत नाही.